फलाटाची वाटणी

त्या दिवशी सकाळी फलाटाच्या पुढच्या टोकाला ती नव्हती. पुलाचा जिना उतरून तो नेहमीसारखा मागच्या टोकाकडे वळला आणि थोडं चालून गेल्यावर, घड्याळात बघता बघता मान वळावी तशी, नेहमीसारखी त्याने मान वळवली. पुढे, जिथे छप्पर संपतं आणि वाळूच्या लाल बादल्या टांगलेल्या असतात, तिथे एक गृहस्थ पेपर वाचत उभा होता. त्याच्या पलीकडे दोन कॉलेजच्या मुली एकाच मोबाइलमध्ये डोकी घालून हसत होत्या. ती नव्हती. उशीर झाला असेल, असं त्याने मनाला सांगितलं. पण तिला कधी उशीर होत नाही हे त्याच्याइतकं कोणाला माहीत होतं? संसारात जितके म्हणून उशीर झाले होते ते सगळे त्याचे होते. गाडी आली. दाराशी उभा राहून तो शेवटच्या क्षणापर्यंत जिन्याकडे बघत राहिला. एका बाईने मागून ढोसलं, "अहो, चढायचंय की निरोप द्यायला आलात?" तेव्हा तो आत सरकला. खिडकीशी जागा मिळाली. बाहेर धुकं होतं, कारखान्यांच्या भिंती होत्या, कालव्याचं शिळं पाणी होतं. सगळं जागच्या जागी होतं, आणि तरी घरात शिरल्यावर कुठलीतरी वस्तू कोणी हलवलीय असं वाटावं आणि कुठली ते कळू नये, तसं त्याला वाटत राहिलं.

ती म्हणजे त्याची बायको. आता कायद्याने बायको नव्हे; पण 'पूर्वीची बायको' म्हणायला त्याची जीभ रेटत नसे. जुनं कपाट, पूर्वीचा पत्ता, तसं ते वाटे. दोघं वेगळी झाली ती काही भांडून नव्हे. वकीलही कंटाळून गेला, कारण त्याला करण्यासारखं काहीच नव्हतं. शिवणयंत्र तिला, जेवायचं टेबल त्याला, पंखा तू घे, नको तूच घे. एकमेकांना आग्रह करकरून त्यांनी घर मोडलं. मग तिने रुळांच्या अलीकडे एक खोली घेतली आणि त्याने पलीकडे. दुसऱ्या कुठल्या उपनगरात जावं हे दोघांच्याही मनात आलं नाही. आलंही असेल, पण ओठांवर आलं नाही. मुंगी इथल्या रस्त्यांवरून चालली होती. इथल्या बालवाडीच्या कुंपणाला तिने नाक लावलं होतं. ते सोडून जायचं म्हणजे तिला एकटीला मागे ठेवून जायचं, असं काहीतरी वेडं गणित दोघांनी न बोलता मांडलं असावं.

मुंगी त्यांची मुलगी. खरं नाव वेगळं होतं, शाळेत तेच लावलं होतं. पण ती कायम मुठीत काहीतरी धरून लगबगीने कुठेतरी निघालेली असे. बटण, बाटलीचं झाकण, पेन्सिलीचं टोक. कुठे नेतेस गं, विचारलं तर म्हणे, "घरी." घरातल्या घरात सुद्धा ती वस्तू घरीच न्यायची. म्हणून मुंगी. एकदा रात्री अंगात ताप भरला आणि आठवड्याच्या आत ती गेली. ताप मेंदूपर्यंत गेला, असं डॉक्टर म्हणाले. ते सांगताना डॉक्टरांनी त्यांच्या टेबलावरचा पेपरवेट एका कागदावरून उचलून दुसऱ्या कागदावर ठेवला होता. त्याला त्या सगळ्यातलं तेवढंच स्वच्छ आठवे, काचेतली ती निळी नागमोडी रेघ.

वकिलाकडे शेवटचं जाऊन आले त्या दुपारी ती दोघं याच पुलावर उभी होती. खाली फलाट रिकामा होता. एक कुत्रं बाकाखाली झोपलं होतं. ती एकदम म्हणाली, "आणि स्टेशनचं काय करायचं?"

"स्टेशनचं?"

"सगळ्याची वाटणी केली. गाडी तर सकाळी एकच आहे आपल्याला."

तो म्हणाला, "तू सांग."

"मी पुढे उभी राहते. तू मागे राहा."

"आणि मधला भाग?"

"मधला लोकांना देऊन टाकू."

दोघं हसली. बऱ्याच दिवसांनी हसली होती. हसू ओसरल्यावर आता कुठे बघायचं हे कळेना, म्हणून दोघांनी रेलिंगवरून खाली कुत्र्याकडे बघितलं. मग ती एका बाजूच्या जिन्याने उतरली आणि तो दुसऱ्या.

ही वाटणी त्याने इमानाने पाळली. पण इमानात बसेल एवढी एक चोरी तो रोज करत असे. मान वळवून एकदा बघायचं. लांबून काय दिसणार? कुठल्या खांद्याला पिशवी आहे, गळ्याशी रुमाल आहे की नाही. एकदा तिने केस कापले. त्या दिवशी दुकानात तो दिवसभर अस्वस्थ होता, जणू त्याला न विचारता घरातली भिंत पाडली होती. मग दोन-चार दिवसांत ते केसही त्याच्या सवयीचे झाले. ती कधी इकडे बघत नसे. मान खाली घालून, स्वतःच्या चपलांकडे बघत उभी असे. त्यात त्याला राग यावा असं काही वाटत नव्हतं. ती बघत नाही म्हणून तर आपल्याला बघता येतं, असं तो स्वतःला समजावी. रात्री खोलीत एकट्याने जेवताना, भांडं घासून पालथं घालताना, उद्या सकाळ आहे, असं त्याच्या मनात येई, आणि सकाळ आहे म्हणजे काय आहे याचा तो फार खोलात जाऊन विचार करत नसे. जगात मुंगीचा आवाज आठवणारी दोनच माणसं उरली होती. त्यातलं दुसरं माणूस त्या टोकाला शाबूत उभं आहे, एवढं बघून दिवस ढकलता येत असे.

दुसऱ्या दिवशीही ती नव्हती. तिसऱ्याही दिवशी नव्हती. रजेवर असेल. तिच्या कारखान्यात शाळांचे गणवेश शिवतात, आणि नव्या वर्षाच्या मागण्या पुऱ्या करायचे हे दिवस म्हणजे नाकातोंडाशी आलेलं काम. या दिवसांत कोणाला रजा मिळत नाही. कटिंगच्या टेबलाशी ती दिवसभर उभी असायची. कापडाचे थर, खडूच्या रेघा, यंत्राची पाती. संध्याकाळी घरी आली की गुडघ्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवून बसे, आणि मुंगी तिच्या दुसऱ्या गुडघ्यावर बसे, कारण "हा रडेल, त्याला पण कोणीतरी पाहिजे." गुडघा दुखावला असेल. पडली असेल. खोलीत एकटी पडली असेल आणि कोणाला कळलंही नसेल. चष्म्याच्या दुकानामागच्या अरुंद कामाच्या खोलीत, काच यंत्रावर धरून तिची कड फ्रेमच्या मापाने घासताना, हे सगळं त्याच्या डोळ्यांपुढून जात होतं. पाण्याची बारीक धार काचेवर पडत होती. घासलेल्या काचेचं पांढरं दूध खाली वाहत होतं. शेजारच्या यंत्रावरचे मामा, म्हणजे सगळं दुकान ज्यांना मामा म्हणायचं ते म्हातारे कारागीर, उठून त्याच्या मागे आले आणि त्याने बसवलेली फ्रेम उचलून त्यांनी उजेडाकडे धरली.

"डावी काच उजवीकडे बसवलीस. कोणावर राग आहे तुझा? पोस्टमास्तरणीचा चष्मा आहे हा. गावभराची पत्रं भलतीकडे जातील."

त्याने फ्रेम परत घेतली. मामा तिथेच घुटमळले.

"घरी सगळं ठीक ना?"

"घरी आहे कोण मामा?"

"तेही खरंच," मामा म्हणाले, आणि बोलून गेल्यावर ओशाळून आपल्या स्टुलावर जाऊन बसले.

जेवणाच्या सुट्टीत दुकानाबाहेर उभं राहून त्याने तिच्या धाकट्या बहिणीला फोन केला. नंबर लावायला बराच वेळ गेला. विचारण्याचा अधिकार कुठला, हे आधी ठरवायला हवं होतं आणि ते ठरत नव्हतं. बहिणीने उचलला.

"बोला भाऊजी." अजून ती भाऊजीच म्हणत होती.

"काही नाही. सहज. ताई तुझी... स्टेशनवर दिसली नाही दोन-तीन दिवस. म्हटलं, बरी आहे ना?"



"बरी आहे. कामावर जाते."

"कामावर जाते?"

"भाऊजी, तुम्ही मला जास्त विचारू नका. ती सुखरूप आहे, एवढंच सांगते. तुम्ही जेवता ना वेळेवर?"

जेवतो, असं त्याने सांगितलं. फोन ठेवल्यावर तो पदपथाच्या कडेला तसाच उभा राहिला. कामावर जाते, तर कशाने जाते? कोणी स्वतःच्या गाडीने सोडतं का? हा विचार इतका सरळ आणि इतका साधा होता की आजवर तो आपल्याला शिवला कसा नाही याचंच त्याला नवल वाटलं. कोणीतरी असेल. का असू नये? चांगला माणूस असेल. दार उघडून धरत असेल. तो मनातल्या मनात त्या माणसाला चेहरा देऊ लागला. भुवया दिल्या, चष्मा दिला, आणि चष्म्याच्या काचा जाड की पातळ यावर येऊन थांबला. त्या विचारात एक प्रकारची सुटकाही होती. शिक्षा म्हणून ते सगळं बरोबर बसत होतं. कारण ज्या रात्री मुंगीला ताप आला त्या रात्री, तिच्या कपाळावर हात ठेवून, त्यानेच म्हटलं होतं: "साधा ताप आहे, उद्या उतरेल." पहाटे ते धावले. काही तास आधी आणलं असतं तरी फरक पडला नसता, असं डॉक्टरांनी आपणहून सांगितलं होतं. पण माणूस मेल्यावर डॉक्टर असंच सांगतात. तिने कधी तोंडातून अक्षर काढलं नाही. पण तेव्हापासून तो घरात आला की ती उठून स्वयंपाकघरात जायची. जेवताना ताटातून नजर वर काढायची नाही. पलंगावर भिंतीकडे तोंड करून झोपायची. एकदा बोलून मोकळी झाली असती तर त्याने हात जोडले असते, पाय धरले असते. ती बोलली नाही, म्हणूनच त्याची खात्री पटली. अखेर एके दिवशी, दिवेलागणीला, ती भिंतीशी बोलल्यासारखी म्हणाली, "मला जमत नाहीये." काय जमत नाही, हे त्याने विचारलं नाही. त्याला ते ठाऊक होतं, असं त्याला वाटलं.

मग एका सकाळी ती दिसली. गाडी पुढच्या स्टेशनात शिरत होती. ते स्टेशन लहान आहे. तिथे पूल नाही, रस्ता सरळ फलाटाच्या मागच्या टोकाला येऊन मिळतो, आणि तिथून चढणारी माणसं थोडीच असतात. तो मागच्या डब्यात, खिडकीशी, कपाळ काचेला टेकवून बसला होता. गाडी मंदावली. रस्त्याच्या तोंडातून एक बाई घाईघाईने फलाटावर आली. एक पाय नीट टाकत होती, दुसरा टेकवत होती. गाडी थांबता थांबता ती त्याच्या डब्याच्या दारासमोर होती. दार उघडं होतं, आत जागा होती, आणि तिने मान खाली घातली आणि डब्याकडे न बघता पुढे चालू लागली. पुढच्या डब्याकडे. त्याच्या खिडकीखालून ती गेली. इतक्या जवळून त्याने तिला वेगळं झाल्यापासून पाहिलं नव्हतं. कानामागे पांढरे केस होते. वरच्या ओठावर घाम होता, एवढ्या थंडीत. चपला धुळीने भरलेल्या. त्याच्या आणि तिच्यामध्ये एक काच होती आणि त्या काचेवर त्याच्या श्वासाची वाफ धरली होती. ती पुसायला त्याने हात उचलला तेव्हा ती गेली होती. शिट्टी झाली. पुढे कुणीतरी तिला हात देऊन आत ओढून घेतलं असावं, कारण फलाट रिकामा मागे सरकला.

कोणी गाडीने सोडत नव्हतं तिला. आजारीही नव्हती. ती त्या दुखऱ्या गुडघ्याने घरापासून पुढच्या स्टेशनपर्यंत चालत येत होती, कालव्याच्या कडेने, धुक्यातून. आणि ते सुद्धा जे स्टेशन तिच्या खोलीच्या दारातून दिसतं ते सोडून. आधी त्याला हायसं वाटलं. मग, दोन स्टेशनांमधल्या त्या लांबलचक भिंतीशी गाडी आली तेव्हा, हे कशासाठी ते हळूहळू त्याच्या लक्षात यायला लागलं.

दुसऱ्या दिवशी तो लवकरच्या गाडीने निघाला आणि त्या लहान स्टेशनावर उतरला. एका बाकावर बसला. शेजारी कॉफीची टपरी होती. टपरीवालीने विचारलं, "देऊ का?" त्याने हो म्हटलं आणि कप हातात तसाच निवत ठेवला. ती रस्त्याच्या तोंडातून आली. त्याला बघून थबकली. परत फिरते की काय असं त्याला वाटलं, पण ती दम खायला थांबली होती. मग येऊन बाकाच्या दुसऱ्या कडेला बसली आणि समोरच्या रुळांकडे बघत राहिली.

"आलास," ती म्हणाली.

"आलो. बरी आहेस?"

"आहे की. धाकटीला फोन केला होतास म्हणे."

"वाटलं, पडलीबिडलीस की काय. गुडघा?"

"आहे आपल्या जागेवर."

"एवढं चालत येतेस."

"कालव्याकडेने छान वाटतं सकाळी."

"माझ्याशी खोटं बोलू नकोस. कोपऱ्यावरून दूध आणायचं तरी मला पिटाळायचीस तू."

ती हसली, पण मान वर केली नाही. त्याने कप खाली ठेवला. कधीपासून घासून गुळगुळीत केलेलं वाक्य त्याच्याजवळ होतं, ते त्याने एकदाचं बाहेर काढलं.

"माझ्यामुळे ना? माझं तोंड बघायला नको म्हणून?"

"हो," ती म्हणाली.

गाडी यायची होती. सिग्नलचा दिवा लाल होता. तो म्हणाला, "मला माहीत आहे. त्या रात्री मी म्हटलं होतं. साधा ताप आहे म्हणून."

"कुठल्या रात्री?"

"कुठल्या म्हणजे? त्याच. उद्या उतरेल म्हटलं मी. तू म्हणालीस नेऊ या का, आणि मी..."

आता तिने पहिल्यांदा मान वळवली. पण त्याच्या तोंडाकडे न बघता त्याच्या हातांकडे बघत राहिली.

"तू हे धरून बसलायस इतकी वर्षं?"



"अरे वेड्या, मी नव्हते म्हणाले नेऊ या म्हणून. मीच म्हणाले होते, झोपू दे तिला, उठवू नकोस. दोघांनीही ठरवलं आपण. मुलांना ताप येतो, सगळ्यांना येतो. राग नव्हता रे मला तुझा. राग असता तर बरं झालं असतं. भांडलो असतो, भांडी आपटली असती, पण राहिलो असतो एका घरात."

"मग काय?" त्याने विचारलं. त्याचा आवाज त्यालाच परका वाटला. "मग कशासाठी मोडलं सगळं?"

टपरीवाली कप धूत होती, पाण्याचा आवाज येत होता.

"तिचं तोंड तुझं होतं," ती म्हणाली. "सगळे म्हणायचे, बापाचा छाप आहे. मला तेव्हा इतका मत्सर वाटायचा. पोटात मी वागवली, कळा मी दिल्या, आणि तोंड बघा कोणाचं! तिला गंमत वाटायची, आरशासमोर उभी राहून स्वतःच्या कानाला म्हणायची, बाबाचा कान, आईला नाही मिळणार. आणि मग ती गेली आणि तू राहिलास. तू दारातून आत आलास की मला वाटायचं... कपाळ तेच. घास चावताना कानापाशी हलतं ते तेच. रात्री झोपेत तोंड उघडं टाकतोस, ती पण टाकायची. मी भिंतीकडे तोंड करायची ती तुझ्यावर रुसून नव्हे. बघवत नव्हतं, आणि बघितल्याशिवाय राहवत नव्हतं."

"हे बोलली का नाहीस?"

"काय बोलू? तुझं तोंड बदल म्हणून सांगू?"

यावर दोघांनाही हसू यायला हवं होतं. ते आलं नाही.

"वाटलं, लांब गेलं की निभेल. टोकाला उभं राहिलं की तोंड दिसणार नाही. तोंड नाही दिसत, खरंच नाही दिसत तिथून. पण तू जिना उतरतोस ना, डावं पाऊल असं आत टाकून... तुला माहीत तरी आहे का, तू डावं पाऊल आत टाकतोस आणि जरासं ओढतोस? तशीच चालायची ती. अगदी तशीच. मी खाली चपलांकडे बघत राहते तरी मला कळतं, जिन्यावरून ती उतरली. रोज सकाळी उतरते. आणि माझ्याकडे पाठ फिरवते आणि पलीकडच्या टोकाला निघून जाते. रोज."

सिग्नल हिरवा झाला. दोघांनीही तो बघितला.

"मी सोसत होते. सवय होईल म्हटलं. पण यंदा कटिंगला नवीन शाळेचं काम आलं, आणि थरावर मी खडूने अठ्ठावीस नंबरचं माप आखलं आणि माझ्या ध्यानात आलं, तिला आता अठ्ठावीसचा गणवेश लागला असता. हात चालेना. कटिंगच्या मास्तरणीने मला पाणी दिलं, बसवलं. दुसऱ्या दिवशी स्टेशनकडे पाय वळेना. असं वाटलं, आता जिन्यावरून उतरेल ती अठ्ठावीस नंबरची उतरेल. मोठी होऊन उतरेल. ते मला नाही झेपणार."

त्याला काहीतरी म्हणायचं होतं. माझी तर सकाळच तेवढी होती, असं म्हणायचं होतं. तुला लांबून बघितलं की दिवस निघायचा, असं म्हणायचं होतं. पण तिच्या धुळीने भरलेल्या चपलांकडे आणि बाकावर न वाकवता लांब ठेवलेल्या पायाकडे बघताना ते शब्द त्याला भिकाऱ्याने पसरलेल्या हातासारखे वाटले. एकाच फलाटावर, एकाच गाडीची वाट बघत, तो ज्यावर जगत होता त्यानेच ती रोज थोडी थोडी मरत होती, आणि दोघांनाही एकमेकांचं काही कळलं नव्हतं.

"उद्यापासून तू आपल्या स्टेशनवर ये," तो म्हणाला. "एवढं चालू नकोस. गुडघ्याची वाट लागेल."

"आणि तू?"

"मी बघतो काहीतरी. दुकानाच्या पलीकडे दुसरी लाइन जाते, तिकडे खोल्या स्वस्त आहेत म्हणतात. मामा कोणाकोणाला ओळखतात."

ती नको म्हणाली नाही. त्याने थोडी वाट बघितली. गाडीचा आवाज रुळांतून यायला लागला, टपरीवालीचे कप टिणटिण करू लागले, पण ती नको म्हणाली नाही. उठताना तिने बाकाच्या पाठीचा आधार घेतला. तो हात द्यायला पुढे झाला, आणि तेव्हा तिने वर बघितलं. सरळ त्याच्या तोंडाकडे. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती बघत होती आणि डोळे बाजूला घेत नव्हती. तिने हात उचलला आणि त्याच्या कानाच्या पाळीला, अगदी हलक्या बोटांनी, हात लावला. मग कपाळाला. कपाळावर आलेले केस मागे सारले, शाळेत निघालेल्या पोराचे सारावेत तसे. तो डोळे मिटून उभा राहिला. तो स्पर्श आपल्यासाठी नाही हे त्याला उमगत होतं. कोणासाठी आहे हेही उमगत होतं, आणि तरी तो संपू नये म्हणून त्याने श्वास रोखून धरला होता.

"जाते," ती म्हणाली. त्याला म्हणाली की नाही कोण जाणे. पुढच्या डब्याकडे न जाता ती समोरच्याच दारातून आत शिरली. तो खालीच राहिला. गाडी गेल्यावर टपरीवालीने विचारलं, "कॉफी गार झाली, दुसरी देऊ?" आणि मग त्याच्या तोंडाकडे बघून, त्याचं उत्तर न ऐकताच, तिने दुसरा कप भरून त्याच्या शेजारी ठेवला.

खोली मामांच्या मेहुण्याने मिळवून दिली. सामान असं काही नव्हतंच. जेवायचं टेबल जिन्यातून वर जाईना, तेव्हा ते त्याने खालच्या शिंप्याला देऊन टाकलं. मामा सामान लावायला आले होते. खिडकी उघडून त्यांनी बाहेर बघितलं आणि म्हणाले, "हवा चांगली आहे हो इथे," आणि मग आणखी काही सुचेना म्हणून खिडकी पुन्हा लावून घेतली.

पहिल्या सकाळी तो नव्या स्टेशनवर लवकरच पोचला. कुठे उभं राहायचं हा प्रश्नच पडला. पुढे राहा, मागे राहा, कोणाची हरकत नव्हती. सगळा फलाट त्याचा होता. वेटिंग रूमच्या लांबलचक काचा नुकत्याच कोणी पुसल्या होत्या. त्यांच्यासमोरून तो चालू लागला, आणि चालता चालता, बाजूला कोणीतरी चालतंय असं वाटलं, म्हणून त्याने पाहिलं. काचेत पाऊल आत पडत होतं. डावं. मागून जरासं ओढलं जात होतं, लगबगीत, जणू मुठीत काहीतरी धरलंय आणि ते लवकर घरी न्यायचंय. तो थांबला तशी ती थांबली. त्याने पुन्हा पाऊल टाकलं. उभ्या जन्मात त्याने स्वतःची चाल बघितली नव्हती, कोण बघतं? काचेच्या शेवटापर्यंत तो गेला, वळला, आणि परत आला. आतल्या बाकावरची एक म्हातारी पोथीतून मान वर काढून बघावं तशी चष्म्यावरून त्याच्याकडे बघायला लागली. त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्याला सुचत नव्हतं, कारण पुसायचं तर क्षणभर डोळे झाकावे लागले असते. गाडी आली. दारं उघडली. माणसं चढली. त्याने ती गाडी जाऊ दिली, आणि डोळे काचेवर ठेवून, हळू, जितकं हळू चालता येईल तितकं हळू, तो पुन्हा एकदा त्या टोकाकडे निघाला.